घराचं घड्याळ: परळीतली खिडकी, सकाळचा उजेड आणि आपली झोप

(या भागातल्या बोलण्याचं हे लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी पूर्ण केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हा भाग ऐकताना आधी एक छोटं काम करा. आत्ता जिथं बसलाय, आडवे झालाय किंवा उभे आहात, तिथून मान न वळवता आकाश दिसतंय का बघा. अगदी रुमालाएवढा तुकडा दिसला तरी चालेल. दिसत नसेल, तर आज सकाळी उठल्यापासून पहिल्यांदा आकाश कधी दिसलं ते आठवा. उत्तर मनातच ठेवा, ते नंतर लागणार आहे.

मी वास्तुरचनाकार आहे. घरांचे नकाशे काढते. वाढले परळी वैजनाथला. आज बोलायचंय ते उजेडाबद्दल, आणि तोही घर छान दिसावं म्हणून लागणारा उजेड नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं, त्याला चावी देणारा उजेड. ती चावी रोज कुठून मिळते? तर बऱ्याचदा आपल्या घराच्या खिडकीतून. किंवा मिळतच नाही, कारण खिडकी चुकीच्या भिंतीला आहे.

परळीच्या देवळातला झरोका

सुरुवात गावापासूनच करू. वैजनाथाच्या देवळात तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. त्या दगडी पायऱ्या, तो मोठा सभामंडप. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात या देवळाचा जीर्णोद्धार केला. महाद्वाराजवळ मिनारासारखी एक रचना आहे, तिला प्राची किंवा गवाक्ष म्हणतात. चैत्रात आणि आश्विनात ठरावीक दिवशी उगवत्या सूर्याची किरणं थेट वैजनाथापर्यंत पोहोचतात, असं परळीत सांगितलं जातं.

आता चैत्र आणि आश्विनच का? यामागं साधं गणित आहे. सूर्य 'पूर्वेला उगवतो' असं आपण म्हणतो, पण बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे साधारण चैत्राच्या आणि आश्विनाच्या तोंडावर. उन्हाळ्यात उगवतीची जागा उत्तरेकडं सरकते, हिवाळ्यात दक्षिणेकडं. त्यामुळं पूर्वेकडं रोखलेल्या झरोक्यासमोरून सूर्य वर्षात दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. तिथं मावळतीची किरणं येतात, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. या तारखा २१ डिसेंबरपासून मोजा. एक संच साधारण एक्केचाळीस दिवस आधी येतो, दुसरा जवळजवळ तितकेच दिवस नंतर. तेच गणित. आणि तिथं दरवर्षी कोणती चर्चा होते? की किरणांच्या वाटेत बांधकामं आली, म्हणून किरणं पूर्ण पोहोचत नाहीत.

मला यातली धार्मिक बाजू सांगायची नाहीये, ती तुम्हाला माहीत आहे. मला वाटतं ते हे, की ज्यांनी ही देवळं बांधली त्यांना कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी उजेड कुठल्या दगडावर पडेल हे ठाऊक होतं. आणि आपण पंधरा-वीस लाखांचं कर्ज काढून घर बांधतो, पण सकाळी सात वाजता ऊन कोणत्या खोलीत येणार हे कुणी विचारत नाही. विचारतो काय? टाइल्स कोणत्या, पीओपी करायचं का, पार्किंगमध्ये बुलेट बसेल का.

डोळ्यातलं दुसरं काम

आता शरीराकडं येऊ. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, पेशींचा एक पुंजका आहे. सुमारे वीस हजार पेशी. आकार तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. झोप कधी यावी, जाग कधी यावी, अंगाचं तापमान कधी चढावं आणि कधी उतरावं, हे वेळापत्रक तो पुंजका सांभाळतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे माशीच्या अभ्यासातून उलगडलं. तीच बारीक माशी, जी पिकलेल्या केळ्यावर बसते. त्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

गंमत अशी, की माणसाचं हे घड्याळ बरोबर २४ तासांचं नसतं. बाहेरच्या जगाचा काहीच अंदाज लागू न देता मोजलं, तर बहुतेकांचं २४ तासांपेक्षा थोडं लांब निघतं, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. आता घरातलं एखादं घड्याळ रोज दहा मिनिटं मागं पडत असेल, तर तुम्ही काय कराल? रोज सकाळी काटा पुढं सरकवाल. शरीरात ते काम सकाळचा उजेड करतो.

आणि हा उजेड मोजायला डोळ्यात वेगळ्या पेशी आहेत. आपल्याला शाळेत शिकवलं होतं, की डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक अंधुक उजेडासाठी, दुसरी रंगांसाठी. २००२ च्या सुमारास तिसऱ्या प्रकारच्या पेशींचं काम स्पष्ट झालं. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. 'बाहेर दिवस आहे की रात्र' एवढाच निरोप त्या घड्याळाला देतात. आकाशाच्या निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात.

आता नीट ऐका, कारण सगळा खेळ इथं आहे. उजेड कधी पडतो, त्यावर काटा कुठं सरकणार ते ठरतं. सकाळी उठल्यानंतरचा उजेड घड्याळ पुढं नेतो, म्हणजे रात्री झोप वेळेवर येते. रात्री उशिराचा उजेड घड्याळ मागं ओढतो, म्हणजे झोप पुढं ढकलली जाते. उजेड तोच, पण वेळेप्रमाणं परिणाम उलटा.

बाहेर लाख, आत शंभर

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. परळीच्या भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या आसपास जातो. झाडाखाली सावलीत बसलात तरी दहा हजारांच्या घरात मिळतो. आणि ट्यूब लावलेल्या खोलीत? शंभर ते तीनशे. म्हणजे सावलीत मिळतो त्याच्या तीसावा भाग, कधी शंभरावा.

मग आपल्याला ते कळत का नाही? कारण डोळा फार हुशार आहे. बाहुली लहान-मोठी करून, आतली संवेदनशीलता बदलून तो सगळं सारखंच दाखवतो. तुम्हाला वाटतं, खोलीत 'भरपूर उजेड' आहे. घड्याळाच्या लेखी मात्र तिथं संध्याकाळ झालेली असते.

२०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन एक शिफारस केली. दिवसा डोळ्यापाशी किमान २५० एवढा उजेड हवा. झोपायच्या आधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नको. आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको. हे मोजमाप लक्ससारखंच आहे, फक्त त्या तिसऱ्या पेशींच्या हिशोबानं केलेलं. आपण बहुतेक जण याच्या बरोबर उलट जगतो. दिवसा शंभर, रात्री दोनशे.

अमेरिकेत २०१३ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. दिवे नाहीत, मोबाइल नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्यानंतर त्यांच्या शरीरातली 'रात्र' सुमारे दोन तास आधी सुरू व्हायला लागली. औषध नाही, उपदेश नाही, फक्त उजेड बदलला. २०१४ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात ऑफिसात काम करणारे ४९ जण होते. खिडकीजवळ बसणारे कामाच्या दिवसांत रात्री सरासरी ४६ मिनिटं जास्त झोपत होते. माणसं थोडी होती, त्यामुळं या आकड्याला दगडावरची रेघ समजू नका. पण दिशा तीच दिसते.

जुनी घरं अंधारी होती, मग?

आता कुणी म्हणेल, ताई, आमच्या आजोबांचं घर बघा की. जाडजूड भिंती, माळवद, माजघरात दुपारीही काही दिसायचं नाही. त्यांना कुठं झोपेचा त्रास होता?

बरोबर आहे. मराठवाड्यातलं जुनं धाब्याचं घर अंधारंच असायचं. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, तिथं मोठ्या खिडक्या कोण ठेवणार? माळवदाला एक भोक असायचं, आमच्याकडं त्याला सानं म्हणतात, कुणी सवणं म्हणतं. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि उजेडाचा एक खांब खाली उतरायचा. बस्स.

पण त्या घरात राहणारी माणसं दिवसभर घरात होती कुठं? शेतात, अंगणात, ओसरीवर. उन्हाळ्यात झोपायचं माळवदावर, म्हणजे उगवतीचा उजेड थेट तोंडावर. घर अंधारं होतं, पण दिवस उजेडात जायचा आणि रात्र खरंच काळोखी असायची. ज्यांचा दिवस चुलीपाशी जायचा त्या बायांना मात्र हा उजेड कमीच मिळाला. ते विसरून जुन्या घरांचे गोडवे गायला नकोत.

आपलं काय झालं? घर तेवढंच अंधारं राहिलं आणि दिवस घरात आला. अभ्यास आत, काम आत, करमणूक आत. आधी उजेड मिळवायला काही करावं लागत नव्हतं. आता तो घरानं द्यायला हवा, आणि घर तसं बांधलेलंच नाही.

वीस बाय चाळीसचं घर

परळीत, अंबाजोगाईत, माजलगावात सध्या जी घरं होतात ती डोळ्यासमोर आणा. वीस बाय चाळीसचा प्लॉट. राखेच्या विटांची भिंत. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली. उघडी फक्त पुढची बाजू, आणि नशीब असेल तर मागं तीन फुटांची बोळ. पुढं हॉल, मग बेडरूम, मग स्वयंपाकघर.

खिडकीतला उपयोगी उजेड आत किती जातो याचा एक ढोबळ नियम आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट. कड सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. घर आहे चाळीस फूट खोल. म्हणजे मधली खोली सकाळी अकरालाही ट्यूबवर चालणार. आणि त्या मधल्या खोलीत कोण असतं? बहुतेक घरांत आजी-आजोबा. 'त्यांना शांतता लागते' म्हणून.

इथं मला थोडं थांबायचंय. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या १२ निवासांत एक मोठा प्रयोग झाला, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही ठिकाणी दिवसभर सुमारे हजार लक्स उजेड ठेवला, काही ठिकाणी नेहमीसारखा तीनशेच्या आसपास. जिथं उजेड जास्त होता तिथं उदासी कमी झाली आणि स्मरणशक्तीची घसरणही थोडी मंदावली. थोडीच, पण फक्त उजेडानं.

माझी आजी शेवटची दोन वर्षं मधल्या खोलीत होती. रात्री दोनला उठून बसायची, 'दूधवाला आला का' विचारायची. दिवसभर पेंगायची. एका दिवाळीत रंगकाम काढलं म्हणून तिची बाज पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी आली आणि मग तिथंच राहिली. तिचं विसरणं थांबलं असं काही झालं नाही. पण काही आठवड्यांनी रात्रीचं उठणं बरंच कमी झालं, आणि त्यामुळं माझ्या आईला झोप मिळायला लागली. बाज बारा फूट सरकली, एवढंच. घराचा नकाशा काढताना मी आता पहिला प्रश्न हा विचारते: या घरात दिवसभर कोण असणार आहे, आणि नेमकं कुठं बसणार आहे?

बारा वाजता बारा वाजत नाहीत

एक गोष्ट परळीसाठी खास आहे. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलंय, तो मिर्झापूरच्या जवळून जातो. परळी आहे साधारण ७६.५ अंशांवर. सहा अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे २४ मिनिटं. तुमच्या मोबाइलमध्ये बारा वाजतात तेव्हा परळीच्या डोक्यावर सूर्य यायला सरासरी २४ मिनिटं असतात. जूनमध्ये आपल्याकडं सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरच्या शेवटी सात वाजायला काही मिनिटं असताना.

मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञानं भारतातल्या मुलांच्या झोपेचा आणि शिक्षणाचा अभ्यास केला. जिथं सूर्य उशिरा मावळतो तिथं मुलं उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा सगळीकडं त्याच वेळी वाजते. तुटते ती झोप, आणि मग त्याचा फटका शिक्षणाला बसतो. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, त्यामागंही मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं.

अभ्यासिका आणि ग्राउंड

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले कितीतरी जण लातूरला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला खोली करून राहता. नीट, एमपीएससी, पोलीस भरती. अभ्यासिका म्हणजे काय असतं? दुकानाचा गाळा किंवा तळघर, प्लायवूडचे कप्पे, खिडकीवर काळी फिल्म, चोवीस तास पांढऱ्या ट्यूब. सकाळी आठला आत, रात्री अकराला बाहेर. घड्याळाला तिथं दिवस दिसतच नाही. आणि विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा धावतं. आळशीपणाचा त्यात काही संबंध नाही, वयच तसं असतं. त्यात सकाळचा उजेड नाही आणि रात्री पांढरा झगझगाट. मग दोन वाजेपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी वाचलेलं डोक्यात राहत नाही. कारण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं.

याच्या शेजारी भरतीची पोरं-पोरी बघा. पहाटे ग्राउंडवर, पळता पळता उजाडतं. ते दहाला गाढ झोपतात. दमतात हे खरं, पण त्यांना रोज तासभर उगवतीचा उजेडही मिळतो. तो फुकट आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्यानं सकाळचा पहिला तास गच्चीवर, गॅलरीत, निदान चहाच्या टपरीच्या बाहेरच्या बाकावर वाचावं. तिथं सावलीत बसलं तरी काम होतं. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, डोळे खराब होतील.

आणि मोबाइल? सगळं पाप मोबाइलच्या माथी मारायची पद्धत आहे. स्क्रीनचा उजेड ट्यूबच्या मानानं कमी असतो. स्वीडनमधल्या एका प्रयोगात दिसलं, की दिवसभर चांगल्या उजेडात बसलेल्यांवर संध्याकाळच्या टॅबलेटचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे दिवस जितका उजळ, तितकी रात्रीच्या स्क्रीनची बाधा कमी. पण रील बघताना आपण तास-तास जागतो, ते जागणं वेगळंच. त्याचा इलाज खिडकीत नाही.

शिफ्टचं घर

परळी म्हटलं की औष्णिक वीज केंद्र आलंच. पहिला संच १९७१ मधला. आज २५० मेगावॅटचे तीन संच. सगळ्या महाराष्ट्राची रात्र उजळायला परळीत कुणीतरी जागं असतं. फक्त तिथंच नाही. रेल्वे, दवाखाने, पोलीस, एमआयडीसी, कॉल सेंटर, फूड डिलिव्हरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये 'कर्करोगाला बहुधा कारण ठरणारं' या गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं.

माझे वडील शिफ्टची नोकरी करायचे. सकाळी सातला घरी यायचे. आमच्या घरातली त्यांची खोली पूर्वेला, वर पत्रा, खिडकीला पातळ पडदा. नऊ वाजता तिथं भट्टी. ते कधी नीट झोपले नाहीत, आणि आम्ही मुलं समजायचो की बाबा चिडके आहेत. चिडके नव्हते, खोली चुकीची होती.

म्हणून शिफ्टवाल्याच्या घरात सगळ्यांचे नियम उलटे. त्याची झोपायची खोली उत्तरेला, वर थेट स्लॅब तापणार नाही अशी, जमलं तर खालच्या मजल्यावर. खिडकीला बाहेरून लाकडी झडप किंवा आतून जाड गडद पडदा, कडेनंही फट न ठेवता. दाराखालची फटसुद्धा बंद. गल्लीचा आवाज येणार नाही अशी बाजू. सकाळी घरी येतानाचं ऊन त्याचं घड्याळ उलटं फिरवतं, म्हणून टोपी घालून सावलीनं यावं. झोप येत असताना गाडी मात्र चालवू नये. आणि एक माणसाचा नियम: घरातल्यांनी अकरा वाजता 'अजून झोपलाय?' असं म्हणायचं नाही. त्याची ती रात्र आहे.

ऊन नको, उजेड हवा

आता खरी अडचण. परळीत मोठी खिडकी म्हणजे ऊन, धूळ आणि राख. लोक खिडक्या बंद ठेवतात ते उगीच नाही. तर उजेड घ्यायचा आणि ऊन टाळायचं, कसं?

पहिलं, पूर्व. सकाळच्या पहिल्या दोन तासांत ऊन तिरकं आणि सौम्य असतं, घड्याळाला हवा असलेला उजेड पुरेसा. मग साडेआठ-नऊला बाहेरून बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा सोडा. पडदा बाहेरून हवा, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णता आत अडकते. वास्तुशास्त्रवाले पूर्व सांगतात, मीही सांगते. माझं कारण तेवढं घड्याळाचं.

दुसरं, दक्षिण. परळीत डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. मे महिन्याच्या मध्यात तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि जूनमध्ये किंचित उत्तरेला झुकतो. म्हणून दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर उन्हाळ्याच्या दुपारी काचेवर ऊन पडतच नाही. आणि डिसेंबरात खालच्या जवळजवळ निम्म्या भागातून ऊन आत येतं, जेव्हा ते हवंहवंसं असतं. फक्त छज्जा, वीज नाही.

तिसरं, पश्चिम. तिकडं खिडकी लहान ठेवा, किंवा संडास, जिना, कपाटं त्या बाजूला टाका.

चौथं, मधली खोली. जुनं सानं परत आणा. जिना गच्चीवर जातोच, त्याच्या केबिनला पूर्वेकडून काच लावा. उजेड जिन्यातून खाली उतरतो. प्लॉट खोल असेल तर मध्ये पाच बाय पाचचा चौक सोडा, वरून जाळी. पंचवीस चौरस फूट 'वाया' गेले म्हणून काका ओरडतील. ओरडू द्या. शेजारच्या भिंती पांढऱ्या चुन्यानं रंगवा, पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकते.

पाचवं, प्लायवूडच्या झडपांऐवजी साधी पारदर्शक काच. धुळीसाठी बंद ठेवली तरी उजेड येतो. काळी किंवा आरशासारखी काच टाळा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या निदान एक दशांश असावं असं आहे. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट, म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी. हे कमीत कमी. आणि ती कोणत्या दिशेला, हे संहिता ठरवत नाही. ते तुम्ही ठरवायचं.

आणि सूर्य मावळल्यावर? बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, तो निळसर पांढरा. तो दिवसासाठी. रात्री जेवणानंतर २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर बल्ब, तोही खाली, कोपऱ्यात. छतावरची ट्यूब बंद.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, घर बांधायला अजून पंधरा वर्षं आहेत. ठीक आहे. मोबाइलवर लक्स मोजणारं फुकटचं ॲप मिळतं. मोजमाप ढोबळ असतं, पण तुलनेला पुरतं. उद्या सकाळी आठ वाजता पाच ठिकाणी मोजा: गच्ची, गॅलरी, खिडकीजवळ, अभ्यासाचं टेबल, मधली खोली. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, तुम्ही जिकडं तोंड करून बसता तिकडं धरा. आकडे लिहा. मग टेबल उचला आणि जिथं आकडा मोठा तिथं नेऊन ठेवा, म्हणजे उजेड समोरून किंवा बाजूनं येईल. घरी फोन कराल तेव्हा आजीची बाज कुठं आहे तेही विचारा.

आणि घरी बांधकाम चालू असेल, तर स्लॅब पडायच्या आधी एकदा जा. सकाळी सात वाजता. नुसत्या विटांच्या भिंतींमध्ये उभे राहा आणि ऊन कुठं पडतंय ते खडूनं जमिनीवर आखा. मिस्त्रीला दाखवा. त्या वेळी खिडकी चार फूट सरकवायला अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. स्लॅब आणि प्लास्टर झाल्यावर तेच काम कुणी करत नाही, आणि त्या खोलीत माणसं पुढची चाळीस वर्षं राहतात.

सतत झोप लागत नसेल, मन फार खाली गेलं असेल, तर डॉक्टरकडं जा. खिडकी औषधाच्या जागी चालत नाही.

तुमचे पाच आकडे कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासह. कोणाच्या खोलीत सगळ्यात कमी उजेड आहे ते बघू, आणि पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन खोल्यांचे नकाशे मी काढून दाखवीन. चला, भेटू. आता हेडफोन काढा आणि दिवस असेल तर जरा बाहेर जाऊन या.